महागडी इलेक्ट्रिक गिटार: पैसे वसूल होतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात गिटारींचे सेटअप (नीट वाजावी म्हणून करायची जुळवणी) आणि किरकोळ दुरुस्त्या करताना माझ्या टेबलावर पंधरा हजारांची गिटार येते, तशीच चार लाखांचीही येते. दोन्हींचे मालक शब्द बदलून एकच प्रश्न विचारतात. फरक इतकाच, की पहिल्याला आपण कमी पडलो का हे जाणून घ्यायचे असते आणि दुसऱ्याला आपण फसलो का हे. त्या निमित्ताने वेळोवेळी दिलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उदाहरण म्हणून मुख्यतः फेंडर या अमेरिकन कंपनीची स्ट्रॅटोकास्टर घेतली आहे, कारण एकच आराखडा सर्वांत स्वस्तापासून सर्वांत महागापर्यंत प्रत्येक पायरीवर मिळावा, असे याहून स्वच्छ उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

‘महागडी’ म्हणजे नेमकी किती किमतीची?

स्ट्रॅटोकास्टरच्या ढोबळमानाने चार पायऱ्या मानता येतात. सर्वांत खाली फेंडरच्याच मालकीच्या स्क्वायर या छापाच्या, इंडोनेशिया किंवा चीनमध्ये बनणाऱ्या गिटारी असतात आणि त्या अमेरिकेत साधारण दोनशे ते पाचशे डॉलरना मिळतात. त्यावर मेक्सिकोतील एन्सेनाडा येथील कारखान्यातल्या, आठशे डॉलरच्या आसपासच्या. त्यावर कॅलिफोर्नियातील कोरोना येथे बनणाऱ्या, दीड ते अडीच हजार डॉलरच्या. आणि सर्वांत वर कस्टम शॉप या मागणीबरहुकूम गिटारी घडवणाऱ्या विभागाच्या, ज्यांची सुरुवातच चार हजारांच्या आसपास होते आणि एकाच नामांकित कारागिराने सुरुवातीपासून शेवटपर्यंत घडवलेली असेल तर जी किंमत दुपटीवरही जाते. पुढील उत्तरांत ‘महागडी’ हा शब्द तिसऱ्या पायरीपासून वरच्या गिटारींसाठी वापरला आहे.

येथे एक जुना आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर प्रथम बाजारात आली तेव्हा ट्रेमोलोसह (दांडीने सूर हलवणाऱ्या यंत्रणेसह) तिची किंमत २४९.५० डॉलर होती. महागाईचा हिशेब केला तर ते आजचे जवळपास २,९०० डॉलर होतात. कष्टकरी वादकाची साधी गिटार म्हणून जिचे गोडवे गायले जातात, ती तिच्या काळात आजच्या बहुतेक अमेरिकन स्ट्रॅटोकास्टरपेक्षा महाग होती, आणि महागाई धरून काढलेल्या त्या किमतीच्या दहाव्या हिश्शात आज बऱ्यापैकी वाजणारी स्क्वायर मिळते. स्वस्त गिटार म्हणजे नुसता फळकूट, ही समजूत पूर्वी खरी होती. आता ती बरीचशी शिळी झाली आहे.

महागड्या गिटारचा आवाज खरोखर वेगळा असतो का?

वेगळा असतो, परंतु किमतीच्या प्रमाणात वेगळा नसतो, आणि वाजवणाऱ्याला तो जितका जाणवतो तितका ऐकणाऱ्याला जाणवत नाही.

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप हा मायक्रोफोन नव्हे. चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार एवढेच त्याचे स्वरूप असते. स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपमध्ये सुमारे ०.०६३ मिलिमीटर जाडीच्या तारेचे आठ हजारांच्या आसपास वेढे असतात. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेढ्यांमध्ये क्षीण वीजदाब निर्माण होतो आणि तोच केबलमधून ॲम्पकडे (आवाज मोठा करणाऱ्या यंत्राकडे) जातो. पिकअपला दिसते ती फक्त तार. लाकडाचे म्हणणे त्याच्यापर्यंत पोहोचते ते तारेच्या थरथरण्यात लाकडाने जी काही ढवळाढवळ केली असेल तेवढ्यापुरते.

म्हणून आवाज ठरतो तो पिकअप कोणत्या प्रकारचा आहे, तो तारेपासून आणि ब्रिजपासून (शरीरावर तारा जेथे टेकतात त्या भागापासून) किती अंतरावर बसवला आहे, तारा किती जाड आणि किती जुन्या आहेत, व्हॉल्यूमच्या पॉटचे (बटणाखालच्या बदलत्या रोधकाचे) मूल्य किती आहे, केबल किती लांब आहे, आणि या सर्वांहून अधिक ॲम्प व त्यातला स्पीकर कोणता आहे यावर. अडीचशे किलोओहमचा पॉट काढून पाचशे किलोओहमचा बसवला तर आवाजाची धार तत्काळ वाढते आणि हा बदल काही शे रुपयांत होतो. त्याच गिटारचे लाकूड बदलून एवढा स्पष्ट फरक पडलेला मी कधी ऐकलेला नाही. नॅशव्हिलच्या एका व्यावसायिक वादकाने तर गिटारचे एकेक अंग कमी करत शेवटी दोन टेबलांमध्ये नुसत्या तारा ताणल्या, खाली पिकअप धरला आणि जवळजवळ तोच आवाज काढून दाखवला.

मग जाणकार वादक महागडी गिटार लगेच ओळखतात ते कसे?

डोळ्यांनी आणि हातांनी. व्हायोलिनच्या जगात याची शहानिशा झालेली आहे. २०१० साली इंडियानापोलिस येथे २१ व्हायोलिनवादकांना, वाद्य दिसू नये म्हणून काळे गॉगल घालून, सहा व्हायोलिनी वाजवायला दिल्या गेल्या. त्यांपैकी तीन नव्या होत्या आणि तीन जुन्या इटालियन: दोन स्ट्रॅडिव्हॅरियसच्या, एक ग्वार्नेरीची. बहुतेकांनी घरी नेण्यासाठी नवे वाद्य निवडले आणि सर्वांत नावडते ठरलेले वाद्य स्ट्रॅडिव्हॅरियसचे होते. व्हायोलिनमध्ये तर सगळा आवाज लाकडातून येतो. तेथे ही स्थिती असेल तर जेथे आवाज चुंबकातून येतो तेथे छातीठोकपणे बोलताना जरा सांभाळून बोलावे.

तरीही हातांची साक्ष खोटी नसते. नेकची (हातात धरायच्या दांड्याची) जाडी, तिच्या कडांची गोलाई, फ्रेटची (तिच्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) गुळगुळीत टोके, तार दाबायला लागणारा जोर या गोष्टी वादकाला तत्क्षणी कळतात, आणि हात सुखावला की तो वाजवतोही अधिक मोकळेपणाने. आवाज चांगला वाटण्यामागे हे कारण असते आणि श्रेय लाकडाला जाते.

लाकडाचे काहीच महत्त्व नाही का?

महत्त्व आहे, पण ते दुकानदार सांगतात त्या जागी नाही. वजन, ताठपणा, नेक ऋतुमानानुसार किती वाकते आणि गिटार दिसते कशी, हे लाकडावर अवलंबून असते. नेकच्या कंपनांमुळे काही ठिकाणी स्वर लवकर विझतो. त्याला डेड स्पॉट म्हणतात. बास गिटारमध्ये तो विशेष जाणवतो, आणि तो महागड्या वाद्यांतही सापडतो.

‘अमुक लाकडाचाच तो आवाज’ या श्रद्धेबद्दल एक इतिहास सांगण्याजोगा आहे. फेंडरने सुरुवातीच्या स्ट्रॅटोकास्टर ॲश या लाकडाच्या बनवल्या आणि १९५६ च्या सुमारास बहुतेक गिटारींसाठी अल्डर वापरायला सुरुवात केली. अल्डर सहज मिळत होते, स्वस्त होते आणि त्याचे रंध्र बारीक असल्यामुळे रंगकाम लवकर होत होते. हिशेबाच्या वहीतून झालेली ती निवड आज दैवी आवाजाचे रहस्य म्हणून विकली जाते.

लाकडाच्या किमतीत आवाजापेक्षा कागदपत्रांचा वाटा मोठा असतो, आणि या गोष्टीचा एक धागा भारतापर्यंत येतो. फिंगरबोर्डसाठी (नेकच्या, बोटे टेकतात त्या पृष्ठभागासाठी) लागणारे रोझवूड म्हणजे बहुतेक वेळा आपल्या सह्याद्रीतही वाढणारी शिसव. २००९ आणि २०११ साली अमेरिकन सरकारी यंत्रणेने गिब्सन या गिटार कंपनीच्या कारखान्यांवर छापे घातले. पहिल्या वेळी प्रश्न मादागास्करच्या आबनुसाचा होता, दुसऱ्या वेळी भारतातून आलेल्या शिसवी आणि आबनुसी पट्ट्यांचा. २०१२ मध्ये गिब्सनने तीन लाख डॉलरचा दंड भरून प्रकरण मिटवले. पुढे २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या संपूर्ण कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याखाली आला. त्याच वर्षी फेंडरने मेक्सिकोतल्या गिटारींवर शिसवीऐवजी पाउ फेरो हे दक्षिण अमेरिकन लाकूड बसवायला सुरुवात केली आणि अमेरिकेतल्या गिटारींवर शिसव कायम ठेवली. तयार वाद्यांना २०१९ मध्ये या नियमातून सूट मिळाली. मधल्या दोन-तीन वर्षांत ज्यांनी ‘शिसवीचा उबदारपणा’ म्हणून जास्तीचे पैसे मोजले, त्यांनी वस्तुतः परवान्यांचा खर्च उचलला, असे म्हणायला हरकत नसावी.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे?

मोठा हिस्सा माणसाच्या वेळात जातो, आणि तो कोणत्या देशातल्या माणसाचा वेळ आहे यात जातो. शरीर कापणे, नेकला आकार देणे, फ्रेटच्या खाचा पाडणे ही कामे आता संगणकावर चालणारी यंत्रे करतात, आणि त्या बाबतीत इंडोनेशियातील यंत्र कॅलिफोर्नियातील यंत्राहून कमी नेमके नसते. स्ट्रॅटोकास्टरच्या तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरली तर पहिला फ्रेट नटपासून (नेकच्या वरच्या टोकाच्या, तारांच्या खाचा असलेल्या पट्टीपासून) ३६.४ मिलिमीटरवर यायला हवा, आणि तो स्वस्त गिटारमध्येही तेथेच असतो.

फरक पडतो तो यंत्र थांबल्यानंतर. बावीस फ्रेट ठोकून बसवले की त्यांची उंची कधीच एकसारखी नसते. एखादा फ्रेट शेजाऱ्यापेक्षा मिलिमीटरच्या काही शतांश भागांनी उंच राहिला तरी तार खाली आणल्यावर तेथे खरखर ऐकू येते. मग सगळे फ्रेट लांब सपाट पट्टीने एका पातळीत घासायचे, घासल्यामुळे चपटे झालेले माथे कानशीने पुन्हा गोल करायचे, टोकांची धार घासून काढायची आणि शेवटी आरशासारखे पॉलिश करायचे. नीट केले तर हे दोन-तीन तासांचे काम असते. दोनशे डॉलरच्या गिटारला हा वेळ परवडत नाही. तीन हजारांच्या गिटारला तो द्यावाच लागतो.

ज्यांना तंबोरा माहीत आहे त्यांना हे लवकर पटते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दोन तंबोरे शेजारी ठेवले तर भोपळा आणि नक्षी यांवरून किमतीतला फरक दिसतो खरा, परंतु गवई पैसे मोजतो ते जवारीसाठी. घोडीच्या पृष्ठावर कानस किती आणि कोठे फिरवायची हे ज्याच्या हातात आहे, त्या हाताची ती किंमत असते. गिटारचे फ्रेट घासणे हे जवारी काढण्याइतके सूक्ष्म नाही, पण जातकुळी तीच.

स्वस्त गिटारचा चांगला सेटअप करून घेतला तर ती महागडीची बरोबरी करते का?

पुष्कळ अंतर कापते. मागच्या पावसाळ्यात अकरावीतला एक मुलगा वडिलांना घेऊन आला. हातात वर्षभर वापरलेली स्क्वायर. ‘काका, एफ कॉर्ड कधीच सुरात लागत नाही,’ ही त्याची तक्रार. वडिलांनी जरा बाजूला होऊन विचारले, ‘ही काढून चांगलीशी घ्यावी का? तुम्ही म्हणाल तसे करू.’

तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली की पहिल्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यामध्ये कागद जेमतेम सरकेल एवढीच फट राहायला हवी. येथे पोस्टकार्ड आरामात गेले असते. नटच्या खाचा पुरेशा खोल कापलेल्याच नव्हत्या, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर बोट ठेवताना तार जास्त ताणली जात होती आणि स्वर चढा लागत होता. मुलाचे बोट निर्दोष होते. सहा खाचा योग्य त्या कानशींनी थोड्या थोड्या खोल केल्या, ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा वाक सांभाळणारी सळई) पाव फेरा आवळला, बाराव्या फ्रेटवर तारेची उंची १.६ मिलिमीटरवर आणली. चौदाव्या फ्रेटवर पोलादी पट्टी ठेवली तर ती टक-टक डुलत होती. तो एक फ्रेट घासून गोल केला. मग ब्रिजवरचे सॅडल (प्रत्येक तारेचे टेकू) मागेपुढे करून बाराव्या फ्रेटचा स्वर जुळवला. एफ लागला. नवी गिटार घेतली गेली नाही.

परंतु या उपायालाही हद्द आहे. नेकच पिळलेली असेल, किंवा ट्रेमोलोचे धातुकाम इतके मऊ असेल की टेकूच्या स्क्रूंवरची धार महिन्याभरात बोथट होते, तर सेटअप टिकत नाही. दर तीन महिन्यांनी कोणाच्या तरी टेबलावर जाणारी स्वस्त गिटार अखेर स्वस्त पडत नाही.

पिकअप आणि इतर सुटे भाग यांत महागडी गिटार किती पुढे असते?

पूर्वी खूप पुढे असे. आज स्वस्त गिटारचे पिकअप बरेचदा ठीक असतात आणि नसले तरी बदलता येतात. स्विच, जॅक आणि ट्यूनर यांत मात्र अजूनही काटकसर दिसते. सर्वांत आधी जॅक सैल होतो आणि वाजवताना आवाज तुटक येऊ लागतो. हे भाग बदलण्याचा एकत्रित खर्च दुसऱ्या पायरीवरच्या गिटारच्या किमतीपाशी पोहोचू लागला की थांबावे. बदललेल्या भागांचे पैसे विकताना जवळजवळ कधीच परत मिळत नाहीत, म्हणून मूळ भाग पिशवीत घालून जपून ठेवावेत.

मेक्सिकोची आणि अमेरिकेची यांत दुप्पट पैशांइतका फरक असतो का?

माझ्या मते नसतो. एन्सेनाडा आणि कोरोना हे दोन्ही कारखाने एकमेकांपासून तीनशे किलोमीटरच्या आत आहेत. अमेरिकन गिटारची फिंगरबोर्डची कड अधिक गोल केलेली असते, फ्रेटची टोके अधिक मऊ असतात, धातुकाम सरस असते आणि एकाच मॉडेलच्या दहा गिटारी काढल्या तर त्यांत उडदामाजी काळे-गोरे कमी निघते. मेक्सिकोच्या दहांतून निवडलेली सर्वोत्तम एक ही अमेरिकेच्या दहांतल्या साधारण एकीला सहज भारी पडू शकते, पण त्यासाठी दहा वाजवून पाहण्याची सोय हवी, आणि आपल्याकडे बहुतेक दुकानांत ती नसते.

कस्टम शॉप आणि रेलिक गिटारींचे काय?

फेंडरने कस्टम शॉप १९८७ साली सुरू केले आणि नव्या गिटारला मुद्दाम जुनी, झिजलेली करून विकण्याचा रेलिक हा प्रकार १९९५ मध्ये आणला. २०२१ मध्ये गिब्सननेही त्यासाठी स्वतंत्र विभाग काढला. रंगाला तडे पाडणे, धातू काळवंडवणे, कोपर घासल्याच्या जागी लाकूड उघडे करणे, हे सगळे हाताने होते आणि त्याला वेळ लागतो. त्या अर्थाने किंमत कष्टांचीच आहे. ते कष्ट वाद्य सुधारण्यासाठी खर्च होतात का, हा वेगळा प्रश्न. ओशिवऱ्याच्या बाजारात जुन्या धाटणीचे नवे फर्निचर घेणारा माणूस जसा खुर्चीबरोबर एक गोष्ट विकत घेतो, तसेच हे आहे. नेकच्या मागची चकाकी घासून काढल्यामुळे तळहात चिकटत नाही हा खरा फायदा आहे, पण तो बारीक पॉलिश पेपरने घरी अर्ध्या तासात साधतो.

कस्टम शॉपची एक बाब मला खरोखर मोलाची वाटते: नेकचा आकार निवडता येतो. ज्याचा पंजा लहान आहे किंवा अंगठ्याच्या सांध्यात दुखते, त्याला हव्या त्या जाडीची नेक मिळाली तर किमतीबद्दल त्याच्याशी वाद घालू नये.

नायट्रोसेल्युलोज रंगामुळे लाकूड ‘श्वास घेते’ असे म्हणतात. ते खरे आहे का?

वाळलेले लाकूड श्वास घेत नाही. या रंगाचा पातळ थर सुंदर जुना होतो, त्याला तडे जातात, आणि दुरुस्ती करताना नवा थर जुन्यात मिसळतो, हे त्याचे खरे गुण आहेत. उलट काही रबरी स्टँडवर ठेवला तर तो वितळून चिकटतो. स्वस्त गिटारींवरचा पॉलिएस्टरचा जाड थर दिसायला कमी नाजूक, पण घामाला आणि दमट हवेला अधिक खंबीर असतो.

१९५०-६० च्या दशकांतील जुन्या गिटारी इतक्या महाग का असतात?

गिब्सनची लेस पॉल ही गिटार १९५२ साली आली. सेथ लव्हर यांनी शोधलेला, विजेची गुणगुण दाबून टाकणारा हंबकर पिकअप तिच्यावर १९५७ मध्ये बसला, आणि १९५८ ते १९६० या काळात ती सनबर्स्ट रंगात विकली गेली. विकली गेली म्हणण्यापेक्षा फारशी विकली गेली नाही. म्हणूनच १९६१ मध्ये कंपनीने तो आकारच बदलला. त्या न खपलेल्या गिटारी आज लाखो डॉलरना जातात. फेंडरच्या बाबतीत रेषा जानेवारी १९६५ ची आहे, जेव्हा सीबीएस या प्रसारण कंपनीने ती १.३ कोटी डॉलरना विकत घेतली. त्याआधीची गिटार म्हणजे सोने, हा बाजाराचा नियम झाला आहे.

ही किंमत वाद्याची नसून दुर्मिळतेची आणि नावाची असते. पिंक फ्लॉइड या बँडचे गिटारवादक डेव्हिड गिल्मोर यांची काळी स्ट्रॅटोकास्टर जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३९,७५,००० डॉलरना गेली. तिची नेक, पिकअप आणि ब्रिज वर्षानुवर्षे बदलले गेले होते. मूळ गिटार म्हणून तिला संग्राहकाने नाक मुरडले असते. पैसे पडले ते तिच्यावर कोणाचे हात फिरले याचे.

पण थोर वादक महागड्याच गिटारी वापरतात ना?

अनेक जण वापरतात, कारण त्यांना परवडतात आणि कंपन्या देतातही. परंतु उलट उदाहरणे बोलकी आहेत. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांनी आपली प्रसिद्ध पट्टेरी गिटार दोषामुळे बाजूला टाकलेले पन्नास डॉलरचे शरीर, ऐंशी डॉलरची नेक आणि एका गिब्सनमधून काढलेला पिकअप जोडून बनवली. क्वीन या बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी १९६३ पासून दोनेक वर्षे वडिलांबरोबर घरीच गिटार घडवली. नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनीची, फिंगरबोर्डवरचे ठिपके आईच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे आणि ट्रेमोलोच्या दांडीचे टोक विणकामाच्या सुईचे. त्यांच्या शेजारी उभे राहून जे गात होते ते फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेले होते, हे येथे अप्रस्तुत असले तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मागवली तर स्वस्त पडते का?

गिटार बहुधा पडते, मात्र विमानतळावर जकात भरावी लागू शकते आणि कंपनीची हमी अनेकदा ज्या देशात खरेदी झाली तेथेच चालते. बिघाड झाला तर दाद कोणाकडे मागणार, याचा विचार आधी करावा.

ॲम्प मात्र तेथून आणू नये. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची असते आणि आपल्याकडे २३० ची. माझ्या परिचयातल्या एका मुलाने काकांनी आणलेला ॲम्प खोका फोडताच भिंतीतल्या पॉइंटला लावला. फ्यूज उडाला, तो बदलून पुन्हा लावला, आणि दुसऱ्यांदा खोलीभर जळकट वास पसरला. पाठीमागच्या पत्र्यावर १२० हा आकडा बोटभर मोठ्या अक्षरांत छापलेला होता. ट्रान्सफॉर्मर बदलण्याचा खर्च ॲम्पच्या निम्म्या किमतीवर गेला.

आपल्या हवेत महागडी गिटार जास्त टिकते का?

किमतीचा हवेशी संबंध नाही. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात नेक फुगते आणि तारा आठवड्यात गंजतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात फिंगरबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोके कडेबाहेर येऊन बोटांना ओरखडतात. हे चार लाखांच्या गिटारलाही होते. साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता वाद्याला मानवते. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि उन्हाळ्यात त्या न विसरता काढाव्यात. स्टेनलेस स्टीलचे फ्रेट असतील तर ते फारसे झिजत नाहीत, गंजत नाहीत. महागड्या गिटारवर ज्यासाठी जास्तीचे पैसे बिनदिक्कत द्यावेत अशा मोजक्या गोष्टींत मी त्यांना धरतो.

एक लाख रुपये आहेत. सगळे गिटारवर घालावेत का?

नाही. निम्म्याच्या आसपास गिटारवर, उरलेल्यातला मोठा वाटा ॲम्पवर, आणि सेटअप, केबल, तारांचे चार संच यांसाठी पाच-सात हजार बाजूला ठेवावेत. चांगल्या ॲम्पवर मध्यम गिटार जितकी खुलते तितकी मध्यम ॲम्पवर चांगली गिटार खुलत नाही. आठवड्यातून दोन-तीन कार्यक्रम करणाऱ्या वादकाने मात्र तिसऱ्या पायरीची गिटार जरूर घ्यावी, कारण त्याला मंचावर दोन गाण्यांच्या मध्ये सूर लावत बसायला सवड नसते.

दुकानात तपासताना काय पाहावे?

ॲम्प लावण्याआधी नुसती वाजवावी. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकदा दाबून पाहावा. कोठे खरखर आहे, कोठे स्वर लवकर मरतो, हे दहा मिनिटांत कळते. नेकच्या कडेवरून तळहात वरून खाली फिरवावा. शरीराच्या टोकाकडून नेककडे एक डोळा मिटून पाहावे, सुतार फळी पाहतो तसे; दोन्ही कडा एकाच तऱ्हेने वळलेल्या दिसायला हव्यात. ट्रेमोलो चारपाच वेळा दाबून सूर जागेवर येतो का ते बघावे. शेवटी बसूनही वाजवावी आणि पट्ट्याने गळ्यात अडकवून उभ्यानेही, कारण चार किलोंच्या पुढची गिटार खांद्याला कळायला पंधरा मिनिटे लागतात.

नामांकित छापाची महागडी गिटार निम्म्या किमतीत मिळते आहे. घ्यावी का?

आधी ती खरी आहे का ते पाहावे. अनुक्रमांक कंपनीकडे पडताळता येतो, पण नकली गिटारवर खऱ्याचाच अनुक्रमांक उतरवलेला असू शकतो, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. झाकण उघडून आतले वायरिंग पाहावे. नकली गिटारमध्ये तेथे हात आखडता घेतलेला असतो, पॉट छोटे असतात आणि सोल्डरचे गोळे ओबडधोबड असतात. गिब्सन म्हणून दाखवली जात असेल तर नेकच्या माथ्यावरचे घंटेच्या आकाराचे ट्रस रॉडचे झाकण पाहावे. खऱ्यावर दोन स्क्रू असतात, नकलीवर बऱ्याचदा तीन.